आईचा वारसा, बापाचा कागद

छत्तीसगडमधील भिलाई शहरातील वैशाली नगर ही वसाहत आणि त्याच नावाचा विधानसभा मतदारसंघ दिल्लीच्या राजकीय चर्चेत क्वचितच येतो. पोलाद कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या या शहरात देशाच्या सर्व भागांतून माणसे आली आणि त्यांत विदर्भातून गेलेली मराठी कुटुंबेही आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मतदारयाद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणाचा दुसरा टप्पा हाती घेतला. त्यात छत्तीसगडचा समावेश होता आणि गोव्याचाही. घरोघरी पोचलेल्या अर्जात एक साधा प्रश्न होता. दोन दशकांपूर्वीच्या सखोल पुनरीक्षणाच्या यादीत तुमचे नाव होते काय? नसेल तर तुमच्या आईचे किंवा वडिलांचे होते काय? विवाह होऊन नागपूर-भंडाऱ्याकडून भिलाईत आलेल्या स्त्रीला त्यामुळे सासरच्या नव्हे, माहेरच्या यादीत, दुसऱ्या राज्यातील मतदान केंद्राच्या कागदांत आई-वडिलांचे नाव शोधणे भाग पडले. ‘तुम्ही कोण’ या प्रश्नाचे उत्तर ‘तुम्ही कोणाचे’ या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून ठेवण्याची ही पद्धत आता आपल्या राज्यव्यवस्थेत स्थिरावू लागली आहे.

या पद्धतीवर पक्षोपपक्षांत पुष्कळ खडाजंगी झाली. परंतु त्या गदारोळात मूळ प्रश्न बाजूला पडला. नागरिकत्व आई-बापांकडून वारशाने येते, असे एकदा मानले की तो वारसा कोणत्या बाजूने, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या कागदाने सिद्ध करायचा, हे ठरवावे लागते. जगातील जवळपास प्रत्येक कायद्याने हे ठरवताना बापाचा कागद आधी वाचला आहे आणि आईचा फार उशिरा. याचे परिणाम पाहण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावात ऐंशी वर्षांपूर्वी घडलेल्या आणि आजही न संपलेल्या एका कथेत ते सारे सापडतात. त्या कथेतील वारस मराठी आहेत आणि ज्या नागरिकत्वाचा प्रश्न आहे ते पोलंडचे आहे.

२१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वॉर्सा येथे कोल्हापूर स्मारकावर पुष्पचक्र अर्पण केले. भारतीय पंतप्रधानाचा पोलंड दौरा पंचेचाळीस वर्षांनी होत होता आणि त्यात कोल्हापूरच्या नावाला मानाचे स्थान मिळाले, याचा महाराष्ट्रात आनंद होणे स्वाभाविक होते. १९३९ साली जर्मनी आणि सोव्हिएत रशिया या दोघांनी पोलंड वाटून घेतल्यानंतर पूर्वेकडील लक्षावधी पोलिश नागरिकांना सायबेरिया, कझाकस्तान येथे हद्दपार करण्यात आले. ३० जुलै १९४१ च्या सिकोर्स्की-मायस्की करारानंतर त्यांच्यापैकी काहींची सुटका झाली. पुरुष जनरल अँडर्स यांच्या सैन्यात दाखल झाले. स्त्रिया, मुले आणि वृद्ध इराणमार्गे भारत, पूर्व आफ्रिका, न्यूझीलंड, मेक्सिको असे जगभर विखुरले गेले. नवानगरचे जाम साहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आसरा दिला, ही हकीकत आता सर्वपरिचित आहे. त्याहून कितीतरी मोठी वसाहत कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे १९४३ मध्ये उभी राहिली. सुमारे पाच हजार पोलिश माणसे तेथे १९४८ पर्यंत राहिली. तेथे त्यांची शाळा होती, चर्च होते, रुग्णालय होते. शिबिर बंद झाल्यावर बहुतेक जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा अशा देशांत गेले आणि काही पोलंडला परतले. मात्र मोजक्या पोलिश मुलींनी भारतीय तरुणांशी विवाह केला आणि त्या येथेच राहिल्या. त्यांनी नावे बदलली, साडी नेसली, मराठीत संसार केला आणि त्यांची मुले मराठी शाळांत शिकली.

या स्त्रियांची मुले-नातवंडे पोलिश आहेत काय? भावनेच्या पातळीवर याचे उत्तर सोपे आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पोलंडच्या परराष्ट्र खात्याचे उपमंत्री कोल्हापुरात आले, वळिवड्यात स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले, जुने रहिवासी परदेशांतून येऊन आपल्या बालपणाच्या जागा पाहून गेले. तेव्हा दोन्ही बाजूंची भाषणे नात्याचीच भाषा बोलत होती. कायद्याच्या पातळीवर मात्र हे उत्तर अत्यंत गुंतागुंतीचे आहे.

पोलंडच्या कायद्याचे एक वैशिष्ट्य प्रथम समजून घेतले पाहिजे. वंशाने येणारे पोलिश नागरिकत्व कोणी ‘देत’ नाही. आई किंवा वडील मुलाच्या जन्माच्या वेळी पोलिश नागरिक असतील, तर मूल जन्मतःच पोलिश असते, मग त्याचा जन्म वॉर्सात होवो की कोल्हापुरात. अर्जदार फक्त त्या आधीच असलेल्या नागरिकत्वाची पुष्टी मागतो. प्रांताचा प्रमुख असलेला ‘व्होयेवोदा’ कागद तपासून तसा निर्णय देतो. परदेशातील अर्जदाराचा अर्ज वकिलातीमार्फत जातो आणि तो सहसा वॉर्साच्या माझोव्हिया प्रांताकडे येतो. भाषेची परीक्षा नाही, पोलंडमध्ये वास्तव्याची अट नाही, पिढ्यांची ठरावीक मर्यादाही नाही. अट एकच आहे. पूर्वजापासून अर्जदारापर्यंतच्या साखळीतील एकही कडी तुटलेली असता कामा नये.

कडी तुटते ती येथेच. २० जानेवारी १९२० च्या पहिल्या पोलिश नागरिकत्व कायद्यानुसार विवाहसंबंधातून जन्मलेल्या मुलाला बापाचे नागरिकत्व मिळे. आईचे मिळे ते केवळ विवाहबाह्य संततीला. शिवाय परकीय नागरिकत्व स्वीकारणाऱ्याचे पोलिश नागरिकत्व लोप पावे. यातही स्त्री-पुरुषांना वेगळा न्याय होता. लष्करी सेवेचे बंधन असलेल्या पुरुषाने त्यातून रीतसर मुक्तता न घेता परकीय नागरिकत्व पत्करले, तरी पोलंडच्या दृष्टीने तो पोलिशच राहत असे, कारण राज्याला आपला सैनिक गमवायचा नव्हता. स्त्रीला असे कोणतेही कवच नव्हते. ८ जानेवारी १९५१ च्या दुसऱ्या कायद्याने ही विषमता दूर केली. आई आणि बाप यांचा दर्जा समान झाला, विवाहामुळे पती-पत्नीच्या नागरिकत्वावर परिणाम होणार नाही असे ठरले आणि परकीय नागरिकत्व घेण्यासाठी पोलिश सरकारची परवानगी आवश्यक ठरली. हा कायदा १९ जानेवारी १९५१ रोजी अमलात आला.

आता याच सुमारास भारतात काय घडत होते ते पाहिले पाहिजे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. घटनेच्या पाचव्या अनुच्छेदानुसार ज्याचा कायम अधिवास भारतात आहे आणि जो घटना लागू होण्यापूर्वी सलग पाच वर्षे येथे राहिला आहे, तो भारताचा नागरिक झाला. जन्म कोठे झाला हे त्यासाठी पाहावयाचे नव्हते. १९४३ मध्ये वळिवड्यात आलेली, १९५० पूर्वी कोल्हापुरातील तरुणाशी विवाह केलेली आणि त्या काळच्या न्यायतत्त्वानुसार पतीचाच अधिवास लाभलेली पोलिश तरुणी ही अट पूर्ण करीत होती, असे म्हणण्यास भरपूर आधार आहे. तसे मानल्यास तिने अर्ज न करता, शपथ न घेता, कदाचित तिला कळलेही नसताना, प्रजासत्ताकाच्या पहिल्या दिवशी ती भारतीय झाली. आणि त्याच दिवशी, पोलंडमध्ये १९२० चा कायदा लागू असल्याने, तिचे पोलिश नागरिकत्व गेले असा युक्तिवाद वॉर्सातील अधिकारी करू शकतो. तिचा विवाह आणि तिचे नागरिकत्व एक वर्ष उशिरा घडले असते, १९५५ च्या भारतीय कायद्याखाली पत्नी म्हणून तिची नोंदणी झाली असती, तर १९५१ च्या पोलिश कायद्याचे संरक्षण तिला मिळाले असते. तिच्या मुलांचा पोलिश वारसा अशा रीतीने वर्षभराच्या अंतराने टिकतो किंवा नष्ट होतो. यात तिच्या निष्ठेचा, भाषेचा, आठवणींचा काही संबंध नाही.

या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. वळिवड्यातील बहुसंख्य माणसे पोलंडच्या ज्या पूर्वभागातून आली होती, तो भाग १९४५ नंतर सोव्हिएत संघात गेला. त्या भागातील लोकांवर सोव्हिएत सत्तेने २९ नोव्हेंबर १९३९ च्या फर्मानाने आपले नागरिकत्व लादले होतेच. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि ज्या सरकारच्या कागदांवर ही माणसे जगत होती ते सरकारच जगाच्या लेखी उरले नाही. त्यांच्या जन्मनोंदी आज युक्रेन, बेलारूस, लिथुआनिया यांच्या दप्तरांत आहेत आणि काही युद्धात जळाल्या आहेत. कोल्हापुरातील नातवाने आजीचे पोलिशपण सिद्ध करायचे म्हणजे तीन-चार देशांचे कागद एकत्र जुळवायचे. वैशाली नगरातील सून माहेरची मतदारयादी शोधते तेव्हा तिच्यासमोरचा डोंगर याहून लहान असतो, पण जातीने तो वेगळा नसतो.

समजा, हे सारे सोपस्कार पार पडले आणि व्होयेवोदाने पुष्टी दिली. अडचण तेथे संपत नाही, तेथे ती भारतात येऊन पोचते. घटनेचा नववा अनुच्छेद आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम सांगते की, स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. येथे ‘स्वेच्छेने’ हा शब्द निर्णायक आहे. जे नागरिकत्व जन्मतःच आईकडून आले, ज्याची केवळ पुष्टी झाली, ते ‘स्वेच्छेने घेतले’ असे म्हणता येईल काय? साध्या न्यायबुद्धीचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. परंतु नागरिकत्व नियमांच्या तिसऱ्या अनुसूचीत एक कठोर तरतूद आहे. परदेशाचा पासपोर्ट मिळवला, की ते नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा तो निर्णायक पुरावा मानला जातो. फाळणीनंतर पाकिस्तानचा पासपोर्ट घेऊन परतलेल्यांच्या संदर्भात हा नियम वादग्रस्त झाला आणि १९६२ मध्ये इझहार अहमद खान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. तेव्हा पुष्टीचा कागद कपाटात ठेवणारा माणूस एका अर्थाने संदिग्ध अवस्थेत राहतो, तर त्या कागदाच्या आधारे पासपोर्ट घेणारा भारतीय राहत नाही. त्याचा मताधिकार जातो, शेतजमीन विकत घेण्याचा हक्क जातो, सार्वजनिक पद जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. परकीय नागरिकत्व घेतल्याने भारतीयत्व आपोआप संपले, तर अशा पालकांच्या मुलांना ‘सोडलेले’ नागरिकत्व परत मिळवण्याची कायद्यातील सवलत लागू होत नाही. याचा अर्थ असा की, एका पिढीच्या सहीची किंमत पुढची पिढीही मोजते.

कोल्हापूरची कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी आहेत, त्यांच्यासाठी कायद्याची एवढी उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने गोव्याकडे पाहावे. पोर्तुगालच्या कायद्यानुसार १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगता येतो. भारताने मात्र १९६२ च्या आदेशाने, मुदतीत वेगळे मत न नोंदवणाऱ्या सर्व गोमंतकीयांना २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय नागरिक मानले. दोन राज्यांनी एकाच माणसावर दोन बाजूंनी हक्क सांगितल्यानंतर कोणता कागद ‘घेतला’ आणि कोणता ‘मिळाला’ याचा गुंता होणारच. लिस्बनमधील नोंद पुरेशी की पासपोर्ट हवा, याविषयी लोकांना ठाम उत्तर न मिळाल्याने गोव्यात लोकप्रतिनिधींच्या पात्रतेवर वाद झाले, अनेकांचे भारतीय पासपोर्ट रद्द झाले, पासपोर्ट रद्द झालेल्याला अनिवासी भारतीयत्वाचे ओसीआय कार्ड मिळणार की नाही हा २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचाराचा मुद्दा बनला. ही माणसे देशद्रोही नव्हती. बहुतेक जण इंग्लंडमधील कारखान्यांत आणि गोदामांत काम करण्यासाठी युरोपचा दरवाजा उघडू पाहत होती. त्यांना आधीच स्पष्ट सांगणारा नियम नव्हता, ही राज्यव्यवस्थेची उणीव होय.

येथे भारताच्या स्वतःच्या प्रवासाकडेही तटस्थपणे पाहिले पाहिजे. आपल्या घटनाकारांनी आई आणि बाप यांत भेद केला नव्हता. पाचव्या, सहाव्या, आठव्या अनुच्छेदांत ‘आई-वडिलांपैकी कोणीही’ असेच शब्द आहेत. याचे प्रत्यक्ष उदाहरण पुन्हा वळिवड्यातच मिळते. पोलिश लोक गेल्यानंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित राहू लागले आणि तेथे आजचे गांधीनगर उभे राहिले. सहाव्या अनुच्छेदाने त्या सिंधी कुटुंबांना, आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी अविभाजित भारतात जन्मले होते या आधारावर आणि १९ जुलै १९४८ ही तारीख धरून, भारतीय नागरिक म्हणून सामावून घेतले. एकाच बराकीच्या दोन पिढ्यांपैकी एकीला घटनेने उदारपणे आपलेसे केले, तर दुसरीला दोन देशांच्या कायद्यांच्या फटीत सोडून दिले.

मात्र १९५५ च्या कायद्यात पाऊल मागे पडले. परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीय नागरिकत्व मिळण्यासाठी बाप भारतीय असणे आवश्यक ठरले. भारतीय आईचे मूल त्यात बसत नव्हते. ही विषमता दूर होण्यास १० डिसेंबर १९९२ उजाडावे लागले. याचा अर्थ पोलंडने जे १९५१ मध्ये केले, ते आपण एकेचाळीस वर्षांनी केले. दुसरीकडे, भारताच्या भूमीवर जन्मलेला तो भारतीय, हे १९५० चे उदार तत्त्व आपण टप्प्याटप्प्याने गुंडाळले. १ जुलै १९८७ पासून आई-बापांपैकी एक जण भारतीय असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही भारतीय, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला, अशी अट आली. या बदलांमागे आसामचे आंदोलन आणि सीमेवरील घुसखोरीची खरी चिंता होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण परिणाम असा झाला की, जमिनीऐवजी रक्त हा नागरिकत्वाचा आधार बनत गेला. कोल्हापुरातील पोलिश मातांची पन्नास-साठच्या दशकांतील मुले जन्माने निर्विवाद भारतीय होती आणि त्यांना आईचा कागद कोणी विचारला नाही. आजच्या मुलाला तो विचारला जातो.

दुहेरी नागरिकत्वाला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे गंभीरपणे ऐकले पाहिजे. निष्ठा विभागली जाते, संकटकाळी नागरिक दुसऱ्या देशाच्या वकिलातीकडे धाव घेतो, शत्रूराष्ट्रे या वाटेचा गैरफायदा घेतील, असे आक्षेप घेतले जातात आणि फाळणीने जन्मलेल्या देशात ते पोकळ नाहीत. वंशाच्या नावाखाली पासपोर्टचा बाजार मांडला जातो, हेही खरे आहे. पोलंड १ मे २००४ रोजी युरोपीय संघात गेल्यानंतर पोलिश पासपोर्टला जी किंमत आली, ती पणजोबांच्या आठवणीपेक्षा बर्लिन-डब्लिनमधील नोकऱ्यांमुळे आली. इटलीने तर या बाजाराला कंटाळून २०२५ मध्ये कायदाच बदलला आणि पिढ्यान्‌पिढ्या मागे जाणारा वारसाहक्क सामान्यतः आई-वडील व आजी-आजोबांपर्यंत मर्यादित केला. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये निघालेल्या आदेशाने तात्पुरत्या व्हिसावरील पालकांच्या तेथे जन्मलेल्या मुलांच्या नागरिकत्वावरच घाव घातला, त्याला न्यायालयांत आव्हान दिले गेले, आणि न्यू जर्सी ते कॅलिफोर्नियापर्यंतच्या अनेक मराठी घरांची झोप उडाली. तेव्हा जगभर दारे किलकिली होत नसून बंद होत आहेत.

परंतु या सर्व आक्षेपांचा रोख ज्याने दुसरे नागरिकत्व वापरायचे ठरवले त्याच्यावर आहे, ज्याला ते जन्मतः आले त्याच्यावर नाही. हा भेदच आपल्या नियमांत पुरेसा उमटलेला नाही. वारसा ही निवड नसते. त्या वारशाचा उपयोग करणे ही निवड असते. कायद्याने दोहोंना एका मापाने मोजता कामा नये. विशेष म्हणजे हा भेद भारतीय कायद्याला अपरिचित नाही. २००३ च्या दुरुस्तीने नागरिकत्व कायद्याच्या चौथ्या कलमात अशी तरतूद आली की, परदेशात जन्मून वंशाने भारतीय झालेले अल्पवयीन मूल दुसऱ्या देशाचेही नागरिक असेल, तर सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत त्याने दुसरे नागरिकत्व सोडावे, अन्यथा भारतीयत्व संपेल. म्हणजे जन्माने आलेले दुहेरी नागरिकत्व अठरा वर्षांपर्यंत आपल्याला चालते आणि नंतर आपण त्या व्यक्तीला निवडीची संधी देतो. हीच रीतसर संधी भारतात जन्मलेल्या, परदेशी आई किंवा बाप असलेल्या मुलाला का असू नये?

केंद्र सरकारने यासाठी घटना बदलण्याची गरज नाही. गृहमंत्रालयाने नियमांत तीन गोष्टी स्पष्ट केल्या तरी पुष्कळ काम होईल. जन्मतः आलेल्या नागरिकत्वाची केवळ नोंद किंवा पुष्टी म्हणजे स्वेच्छेने संपादन नव्हे, हे स्पष्ट करावे. पासपोर्ट, ओळखपत्र किंवा मतदान यांपैकी कोणती कृती ‘स्वेच्छा’ ठरेल, हे सांगावे. आणि जो अशी कृती करील त्याला भारतीय पासपोर्ट परत करण्याची सन्मानाची वाट द्यावी व ओसीआय कार्ड विनाविलंब मिळावे. यामुळे दुहेरी नागरिकत्व येणार नाही. फक्त माणूस डोळे उघडे ठेवून निवड करील.

पोलंडच्या बाजूनेही मार्ग आहेत. २००९ च्या व २०१२ पासून अमलात आलेल्या कायद्यात १९९९ पूर्वी जुन्या कायद्यांखाली नागरिकत्व गमावलेल्यांना ते परत मिळवण्याची तरतूद आहे. पण ती गमावलेल्या व्यक्तीसाठी आहे, तिच्या वारसांसाठी नाही, आणि वळिवड्याच्या त्या मुलींपैकी फारच थोड्या आज हयात असू शकतील. वारसांसाठी अधिक उपयुक्त आहे ते ‘कार्ता पोल्याका’, म्हणजे पोलिश वंशाचे ओळखपत्र. आधी ते पूर्वीच्या सोव्हिएत प्रदेशांतील पोलिशांपुरते होते, २०१९ मध्ये ते जगभरच्या पोलिश वंशजांना खुले झाले. आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी एक जण पोलिश असणे आणि पोलिश भाषेचे प्राथमिक ज्ञान या त्याच्या मुख्य अटी आहेत. ते नागरिकत्व नाही, त्यामुळे भारतीय नागरिकत्वाला धक्का लागत नाही. आपले ओसीआय कार्ड जसे परदेशस्थ भारतीयांशी नाते टिकवते, तसेच हे. वॉर्सात पुष्पचक्र वाहताना युवकांच्या देवाणघेवाणीचा कार्यक्रम जाहीर झाला, तो जाम साहेबांच्या नावाने. त्याच्याच जोडीला कोल्हापूरच्या पोलिश वंशजांना ही ओळखपत्रे मिळावीत आणि त्यासाठी लागणारे पोलिश भाषेचे वर्ग शिवाजी विद्यापीठासारख्या संस्थेत चालावेत, असा आग्रह महाराष्ट्र सरकारने धरला तर तो अवाजवी ठरणार नाही. कोल्हापूर पुरालेखागार, दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आणि लंडनमधील पोलिश संस्था यांच्याकडील नोंदी एकत्र करून देणे हे तर दोन्ही सरकारांच्या हाती आहे. कागदाची मागणी राज्य करीत असेल, तर कागद सापडण्याची सोय करणे हेही राज्याचेच कर्तव्य ठरते.

आणि हेच तत्त्व वैशाली नगरालाही लागू आहे. मतदारयादीत घुसखोर नसावेत याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण आई-वडिलांच्या नावावरून नागरिक ओळखायचा असेल, तर विवाहानंतर नाव, गाव आणि राज्य बदललेल्या स्त्रीचा माग लावण्याची जबाबदारी तिच्या एकटीवर टाकता येणार नाही. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच मध्य प्रदेश राज्यात होते व त्याची राजधानी नागपूर होती, मग राज्य पुनर्रचना झाली, २००० मध्ये छत्तीसगड वेगळे झाले. माणसे जागेवर राहिली आणि सीमा त्यांच्यावरून सरकत गेल्या. पोलंडच्या पूर्वभागात जे तलवारीने झाले, ते येथे संसदेच्या कायद्याने, शांततेत झाले, हा मोठाच फरक आहे. तरीही दप्तरे दोन्हीकडे विभागली गेली, आणि दप्तर विभागले की पहिली हरवते ती आईची नोंद, कारण तिचे नाव लग्नात बदललेले असते.

स्मारकांवर फुले वाहणे हे मुत्सद्देगिरीचे काम आहे व ते करायलाच हवे. परंतु ज्या राज्यांना भूतकाळातील आश्रयाचा अभिमान वाटतो, त्यांनी त्या आश्रयातून जन्मलेल्या वारसांना कायद्याच्या दोन पानांच्या मध्ये चिरडू देऊ नये. वळिवड्यात राहिलेल्या त्या मुलींनी एका आयुष्यात तीन वेळा आपले राज्य बदललेले पाहिले, आणि त्यापैकी एकदाही त्यांचे मत कोणी विचारले नव्हते. त्यांच्या नातवंडांना निदान एकदा तरी ते विचारले जावे, आणि विचारण्यापूर्वी प्रत्येक उत्तराची किंमत त्यांना लेखी सांगितली जावी, एवढीच ही मागणी आहे.